भूत ठीक आहे, पाण्याचं काय?

भुताच्या सिनेमावरचं खरं मत ऐकायचं असेल तर संध्याकाळची आसनगाव लोकल पकडावी. कल्याणपर्यंत काही ऐकू येणार नाही. तिथवर श्वास घ्यायला जागा नसते, मत कुठून मांडणार? टिटवाळा गेलं की डबा सैल होतो, चौथ्या सीटवरचा माणूस पूर्ण बसतो आणि खडवलीच्या पुढे कुणीतरी मोबाइल आडवा धरून रात्री अर्धवट राहिलेला सिनेमा पुढे चालू करतो. आजूबाजूचे तिघे फुकट प्रेक्षक. वासिंद येईस्तोवर निकाल लागलेला असतो.

मुंबईचे समीक्षक अशा सिनेमात आवाज बघतात, अंधार बघतात, दचकवण्याच्या जागा मोजतात. आमच्याकडे पहिलं मत घरावर पडतं. ‘घर झ्याक हाय.’ दुसरं मत पडतं ते किमतीवर. भूत तिसऱ्या क्रमांकावर येतं आणि तेही घराबरोबर मिळणाऱ्या सोयी-गैरसोयींच्या यादीत.

‘द कॉन्ज्युरिंग’ (२०१३) घ्या. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये नवरा-बायको आणि पाच मुली शेतावरच्या जुन्या घरात राहायला येतात. माडीचं घर, मागे तळं, तळ्याकाठी झाड. सामान लावता लावता फळ्या ठोकून बंद केलेलं एक तळघर सापडतं. इथे जगभरचा प्रेक्षक खुर्चीचा हात घट्ट धरतो. आसनगावकर हळहळतो. करारनाम्यात नसलेली अख्खी खोली फुकटात निघाली की हो! इकडे उलटा अनुभव. करारनाम्यातली खोली ताब्याच्या दिवशी हुडकावी लागते आणि सापडली तर तिच्यात पलंग मावत नाही.

त्याच घरातली सगळी घड्याळं रात्री तीन वाजून सात मिनिटांनी बंद पडतात. हा म्हणे सैतानाचा प्रहर. पलीकडच्या बाकावरच्या वहिनींनी यावर तोंड वाकडं केलं. ‘तीनला आमच्या बिल्डिंगीत मोटर लावायची असते. घड्याळ थांबलं तर अख्ख्या विंगचं पाणी जाईल. आणि त्या बाईला काय, तळं आहे मागे!’

पाण्याचा विषय निघाला की सिनेमा मागे पडतो. मध्यरात्री घरात सामसूम आहे, मोरीतला नळ आपोआप सुरू होतो, टप्‌ टप्‌ थेंब पडतात, नायिका उशीवरून मान उचलते. हे दृश्य आमच्या शहापूर तालुक्यात भीतीचं म्हणून दाखवणं हा दिग्दर्शकाचा भोळेपणा आहे. रात्री नळाला पाणी आलं म्हणून इथे कुणी किंचाळत नाही. हंडे घेऊन धावतात. तानसा धरण आमच्या उशाशी आहे, १८९२ पासून. भातसा आमच्याच तालुक्यात, मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल-मे उजाडला की तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत पिंपांची रांग लागते. राम गोपाल वर्मांच्या ‘भूत’मध्ये (२००३) ऊर्मिला मातोंडकर मुंबईच्या उंच इमारतीत भेदरून फिरते तेव्हा डब्यातल्या एका मामांना एवढंच दिसतं की इतक्या वरच्या मजल्यावर, भुताच्या फ्लॅटमध्येसुद्धा, आमचं पाणी विनातक्रार पोचलेलं आहे.

आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीकर माणसं झोंबी होतात आणि त्याचं मूळ बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात निघतं. पुण्या-मुंबईत लोक हसले. या गाडीत तो भयपट म्हणूनही धरला नाही आणि विनोदी म्हणूनही नाही. पाण्यावरून माणसं एकमेकांना चावतात यात नवं काय आहे, असं एकूण मत पडलं.

आता भयपटाबद्दलचा सगळ्यांत शहाणा प्रश्न: भूत दिसल्यावर हे लोक घर सोडून जात का नाहीत? हा प्रश्न विचारणारा माणूस हमखास वडिलोपार्जित घरात राहणारा असतो. ज्याने वीस वर्षांचं कर्ज मानेवर घेऊन ‘स्टेशनपासून चालत पाच मिनिटं’ घर घेतलंय (रिक्षाने पंधरा, पावसाळ्यात रिक्षावाल्याच्या मर्जीने) तो असलं काही विचारत नाही. ‘कॉन्ज्युरिंग’मधला बापही तेच सांगतो की होता नव्हता तो पैसा या घरात अडकलाय. हे वाक्य आलं आणि डब्यात पहिल्यांदा शांतता झाली. कपाटावरून म्हातारीचं भूत अंगावर पडलं तेव्हा झाली नव्हती. भूत कधी येईल त्याचा भरवसा नसतो, मनात आलं तर महिनाभर येतही नाही. हप्ता पाच तारखेला येतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅमिटीव्हिलच्या घराला म्हणून माझा सलाम. १९७४ मध्ये त्या घरात एकाच कुटुंबातले सहा जण मारले गेले, मारणारा घरातलाच मुलगा. वर्षभराने नवं कुटुंब राहायला आलं आणि भुताचं निमित्त सांगून अठ्ठावीस दिवसांत बाहेर पडलं. अठ्ठावीस! दुसरा हप्ता कापला जायच्या आत. त्यावर पुस्तक निघालं, १९७९ मध्ये सिनेमा निघाला, आणि पुढे त्या खुन्याच्या वकिलानेच सांगून टाकलं की दारूच्या बाटल्या रिकाम्या करता करता आम्ही ही गोष्ट रचली. घर आहे तिथेच आहे. नंतर राहायला आलेल्यांना भुताने काही केलं नाही. छळलं ते कुंपणापाशी येऊन घराचे फोटो काढणाऱ्यांनी. शेवटी घराचा क्रमांक बदलावा लागला.

याहून मला आवडतो तो नायॅकचा खटला. न्यूयॉर्क राज्यातल्या या गावात एका बाईंनी आपलं घर विकलं. या बाईंनी आधी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये आणि गावातल्या वर्तमानपत्रात आपल्या घरात भुतं असल्याचं कौतुकाने सांगितलं होतं. गिऱ्हाईक शहरातलं, त्याला पत्ता नाही. कळल्यावर तो कोर्टात गेला. १९९१ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलंच आहे, कारण भुतं आहेत असं मालकिणीने स्वतःच जगाला सांगितलं, आता तिला ते नाकारता येणार नाही. व्यवहारातून बाहेर पडायची मुभा त्याला मिळाली. बघा, भूत आहे की नाही या भानगडीत कोर्ट पडलंच नाही. जाहिरातीत एक आणि ताब्याच्या वेळी दुसरं, एवढाच मुद्दा.

महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून आहे. चटई क्षेत्र सांगा, मंजुऱ्या सांगा, ताब्याची तारीख सांगा. भुताचा रकाना मात्र राहून गेला. डब्यात यावर सविस्तर चर्चा झाली. भूत कार्पेटमध्ये धरायचं की सुपर बिल्टअपमध्ये? जिन्यात आणि गच्चीवर फिरत असेल तर मेंटेनन्स सगळ्यांनी वाटून घ्यायचा का? आणि फक्त आमच्याच फ्लॅटमध्ये येत असेल तर ते आम्ही एकट्याने का सोसायचं, सोसायटीचा ठराव कुठाय? चर्चा आसनगाव आलं म्हणून थांबली, एरवी उपविधीपर्यंत गेली असती.

वर्मांच्या ‘भूत’मध्येही गडबड नेमकी इथेच आहे. घर फार स्वस्तात मिळतं. आधीची बाई तिथे कशी मेली हे नवऱ्याला आधीच सांगितलेलं असतं आणि तो बायकोला सांगत नाही. प्रेक्षकांत जेवढ्या बायका होत्या त्यांनी भुताला माफ केलं, अजय देवगणला नाही.

हिंदी सिनेमातलं भूत खरं तर पहिल्यापासून मालमत्तेच्या भानगडीतलं आहे. कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९ चा. ज्या सावलीपायी अशोककुमार वेडापिसा होतो ती शेवटी निघते माळ्याची मुलगी. मधुबाला असली म्हणून काय झालं, माळ्याची मुलगी वाड्याच्या दिवाणखान्यात वावरणार कशी? भूत होऊन. त्या काळच्या प्रेक्षकांनीही भुताची चौकशी केली नाही. तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून ‘कामिनी’ असं पात्राचंच नाव छापलं होतं, तर लोकांनी रेडिओकडे विचारणा केली की हा आवाज कुणाचा? उत्तर होतं लता मंगेशकर. ‘वो कौन थी’मध्ये (१९६४) पांढऱ्या साडीतली साधना भर पावसात रस्त्यावर उभी राहते, छातीत धस्स होतं, आणि सगळं उलगडल्यावर मामला निघतो वारशाच्या पैशाचा. आपल्याकडे भूत म्हणजे बहुधा भावकी.

रामसे बंधूंना हे पक्कं कळलं होतं. त्यांचा १९७२ चा सिनेमा ‘दो गज ज़मीन के नीचे’, नावातच क्षेत्रफळ. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाज़ा’ (१९९०). नुसती नावं वाचली तर पुनर्विकासाला काढलेल्या मिळकतींची यादी वाटते. या सिनेमांत भूत कोण असतं? ज्याला मूळ मालकाने हाकललं, गाडलं, जाळलं तो. शेदोनशे वर्षांनी तो आपली वहिवाट सांगायला परत येतो आणि आपण त्याला राक्षस म्हणतो. आमच्या ठाणे जिल्ह्यात याला कूळ म्हणतात. १९५७ च्या १ एप्रिलला कायद्याने सांगितलं की कसेल त्याची जमीन. झपाटेल त्याचा वाडा, असं पुढचं कलम घालायला त्यांना सुचलं नाही, नाही तर रामसेंचे निम्मे सिनेमे तहसील कचेरीतच निकाली निघाले असते. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ म्हणून जागा असतेच. तिथे एक नोंद केली की भुताचं समाधान.

‘तुंबाड’वर मात्र आमच्याकडे मतं पडली ती वेगळ्याच तऱ्हेने. २०१८ च्या ऑक्टोबरात राही अनिल बर्वेंचा हा सिनेमा आला तेव्हा थोड्यांनी पाहिला, त्याहून थोड्यांनी वाखाणला. सोहम शाह त्यातला विनायकराव. मुळात नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली गोष्ट. सासवडच्या वाड्यात चित्रित केलेला. आणि सगळीकडे नुसता पाऊस. २०२४ च्या सप्टेंबरात तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त चालला. तेच भूत, तोच वाडा, तोच पाऊस. मधल्या सहा वर्षांत प्रेक्षक शहाणे झाले असं समीक्षक म्हणतात. मला वाटतं, मधल्या सहा वर्षांत लोभ जास्त ओळखीचा झाला.

निदान या पट्ट्यात तरी झाला. नाशिक हायवे रुंदावला, समृद्धी महामार्ग आला, गोदामं सरकत सरकत इकडे आली आणि बांधावरच्या माणसाच्या दारात एजंट उभे राहिले. ‘तुंबाड’मध्ये विनायक वाड्याच्या पोटात उतरतो, हस्तर या शापित देवाच्या लंगोटातून मूठभर सोन्याच्या मुद्रा लांबवतो, वर येतो, उडवतो, पुन्हा उतरतो. शेजारचा तरुण म्हणाला, ‘आमच्या काकांचं सेम.’ काकांनी आधी पाच गुंठे दिले, गाडी आली. मग दहा दिले, लग्न झालं. मग बांधाकडेचे राहिले होते ते दिले, कशासाठी ते त्यांनाही आता आठवत नाही. फरक एवढाच की हस्तरकडे पुन्हा पुन्हा जाता येत होतं. सिनेमा बघून आल्यावर काकांचं मत विचारलं तर म्हणाले, पाऊस चांगला दाखवलाय.

विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठीतला खरा घाबरवणारा सिनेमा. पूजा सावंत गरोदर, नवऱ्याबरोबर उसाच्या फडात मधोमध असलेल्या एकट्या घरात येऊन राहते. बाहेर चारी बाजूंना डोक्यावरून जाणारा ऊस आणि त्यात खेळणारी पोरं. ती पोरं कोण आणि उषा नाईकांनी केलेल्या तुळसाबाई कशाच्या मागे आहेत हे कळलं की थिएटरात कुणी चुळबुळत नाही. मुलगी नको म्हणून काय काय केलं जातं, त्याची ती गोष्ट. हिंदीत त्याची ‘छोरी’ झाली. इथल्या माणसाला त्यात एकच तांत्रिक अडचण: शहापूर-मुरबाड म्हणजे भाताचा मुलूख. आमच्या शेतात भूत लपलं तर कमरेच्या वर दिसणार. ऊस हे बागायतदाराचं पीक आहे. लपायची सोयसुद्धा पाण्यावाल्यांनाच.

तसं पाहिलं तर आपल्या अस्सल मराठी भुतांना घराची हौस कधी नव्हतीच. मुंज्या पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, वेताळ शिवेवर, चकवा रानात. सरपोतदारांचा ‘मुंज्या’ (२०२४) चालला तो झाडावरचाच. घरात मुक्काम करतो तो समंध, पण पुरलेल्या धनावर. म्हणजे त्यालाही आधी धनवान बघावा लागतो. गरिबाचं घर कुणी झपाटल्याचं ऐकिवात नाही. जागा कुठाय? सरकारी घरकुल पंचवीस चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. त्यात म्हातारी, म्हातारा, दोन पोरं, कोंबड्या आणि भाताची कणगी. भुताने भिंतीतून आरपार जायचं ठरवलं तर ते थेट शेजारच्याच्या चुलीत निघेल. आणि ज्या घरकुलाचा पुढचा हप्ता आलेला नाही, छप्पर नाही, दारं नाहीत, जोत्यावर गवत वाढलंय, ते तर झपाटायच्याही लायकीचं नाही.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचं नाही. वाडीवर चार म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. संध्याकाळी अशा वाडीतून चालत जा. दारं ओढलेली, चुली थंड, आवाज नाही. याच्यावर सिनेमा काढायला कुणी येत नाही, कारण भूत कोण हे सांगायची पंचाईत होईल.

मांत्रिकाचं मात्र येणं-जाणं सगळीकडे आहे. शेवटच्या रिळात तो येतो, बाईला खांबाला बांधतो, झोडपतो, धुरी देतो, आणि प्रेक्षक हुश्श करतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झालेला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं त्यानुसार गुन्हा आहे. डब्यातल्या एका मास्तरांनी हे सांगितलं. त्यावर समोरचा मुलगा मनापासून चिंतेत पडला. ‘सर, पण मग पिक्चर संपणार कसा?’

आता धंद्याचं बोलू. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गातून ओरड झाली. मग अण्णा नाईक आले, शेवंता आली, आणि आकेरीतला तो नाईकांचा वाडा बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले. निषेध आणि सेल्फी यांत फार अंतर नसतं. आमच्याकडे माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या वाटेपर्यंत फार्महाऊसं झाली आहेत. पोहायचा तलाव, चुलीवरचं जेवण, शनिवार-रविवार दुप्पट दर. पाहुणे मुंबईचे. रात्री अकरानंतर बाहेर पिंगळा ओरडला की फोन येतो, ‘इथे काही आहे का?’ माझ्या ओळखीचे एक मालक आधी इमानदारीने सांगायचे की साहेब, पक्षी आहे. पाहुणे नाराज व्हायचे. हल्ली ते थोडं थांबतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, ‘रात्रीचं नका विचारू.’ पुढच्या शनिवारची नोंदणी तिथल्या तिथे होते. दर त्यांनी अजून वाढवलेला नाही. भुतावर जीएसटी लागतो का, ते एकदा विचारून घेणार आहेत.

एकाच भुताची मला खरी काळजी वाटते. कसारा घाटात मुंडकं नसलेली म्हातारी गाड्यांना हात दाखवते ही गोष्ट या भागात कुणीही सांगेल, आणि सांगणाऱ्याने तिला स्वतः कधी पाहिलेलं नसतं, त्याच्या मावसभावाने पाहिलेलं असतं. ट्रकांचे ब्रेक निकामी व्हायचे, वळणावर माणसं जायची, तो दोष कुणाच्या तरी नावावर टाकायला म्हातारी बरी होती. २०२५ च्या ५ जूनला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला. आठेक किलोमीटरचा बोगदा, घाटाची कटकटच नको. ज्यांना परवडतं ते आता डोंगराच्या पोटातून जातात. म्हातारी वरती वळणावर उभी आहे ती उरलेल्या ट्रकवाल्यांसाठी, आणि ते थांबत नाहीत, कारण त्यांना माल वेळेत पोचवायचा असतो. खाली बोगद्यात जागा मिळते का बघ म्हणावं, तर तिथे पादचाऱ्यांना मनाई आहे, आणि तिच्याकडे फास्टॅग नाही.